दक्षिण सुदानपर्यंत मदत पोहोचते कशी, अडते कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दक्षिण सुदानबद्दल मराठीत फार कमी लिहिलं जातं. उपासमारीची मोठी बातमी आली की दोन दिवस चर्चा होते आणि मग तेच प्रश्न पुन्हा विचारले जातात: तिथे तेल आहे ना? नाईल आहे ना? जगाने एवढे पैसे दिले ते गेले कुठे? प्रश्न रास्त आहेत, म्हणून त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो गुंता दोन ओळींत सुटणारा नाही.

दक्षिण सुदान आणि सुदान हे वेगवेगळे देश आहेत का?

हो. ९ जुलै २०११ पासून. त्याआधी जानेवारी २०११ मध्ये सार्वमत झालं आणि ९८.८३ टक्के लोकांनी वेगळं होण्याच्या बाजूने कौल दिला. राजधानी जुबा. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून थोडं जास्त, लोकसंख्या मात्र एक कोटीच्या थोडी वर. माणसं विरळ, गावं लांब लांब आणि मध्ये दलदल. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवलं तर पुढचं बरंच सोपं होईल.

स्वातंत्र्य मिळाल्यावर पुन्हा युद्ध का झालं?

उत्तरेशी, म्हणजे खार्तूमच्या सरकारशी, १९८३ पासून २००५ पर्यंत युद्ध चाललं. त्यात सुमारे २० लाख माणसं गेली; त्यांतली बहुतेक गोळीने गेली नाहीत, भुकेने आणि रोगराईने गेली. जानेवारी २००५ मध्ये शांतता करार झाला. लढ्याचे नेते जॉन गरांग त्याच वर्षी जुलैत हेलिकॉप्टर अपघातात वारले आणि सूत्रं साल्वा कीर यांच्याकडे आली.

बाहेरचा शत्रू होता तोवर आतली भांडणं झाकलेली होती. जुलै २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष कीर यांनी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांना पदावरून काढलं. १५ डिसेंबर २०१३ च्या रात्री जुबात सैन्याच्या दोन गटांत गोळीबार झाला आणि काही दिवसांतच त्याला डिंका विरुद्ध नुएर, म्हणजे कीर यांची जमात विरुद्ध माचार यांची जमात, असं रूप आलं. देश तेव्हा अडीच वर्षांचाही नव्हता. २०१५ मध्ये करार झाला, जुलै २०१६ मध्ये तो जुबाच्या रस्त्यांवरच मोडला. सप्टेंबर २०१८ मध्ये पुन्हा करार झाला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये संयुक्त सरकार आलं. डिसेंबर २०२४ ची निवडणूक दोन वर्षं पुढे ढकलली गेली आणि मार्च २०२५ मध्ये माचार यांना नजरकैदेत टाकलं गेलं. करार कागदावर राहिला आणि अप्पर नाईल, जोंगलेई भागांत लढाई पुन्हा पेटली.

लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनने २०१८ मध्ये एक अंदाज मांडला होता: डिसेंबर २०१३ ते एप्रिल २०१८ या काळात एरवीपेक्षा सुमारे ३ लाख ८३ हजार मृत्यू जास्त झाले. त्यांतले साधारण निम्मे प्रत्यक्ष हिंसेचे. उरलेले निम्मे लोक दवाखाना बंद पडला म्हणून गेले, पेरणी झाली नाही म्हणून गेले किंवा पळताना वाटेत गेले. मदतकार्याचा सगळा प्रश्न या दुसऱ्या निम्म्याचा आहे.

देश जन्माला आला तेव्हा हाती काय होतं?

फारसं काहीच नव्हतं, आणि ‘नव्या देशाने काय केलं?’ असं विचारताना हे नेहमी विसरलं जातं. आपल्याकडे १९४७ साली रेल्वे होती, टपालखातं होतं, जिल्हाधिकारी कचेऱ्या होत्या, कोर्टं होती. त्यांत दोष असतील, पण गावच्या तलाठ्यापासून वरपर्यंत एक साखळी होती. दक्षिण सुदानला अशी साखळी कुणी बांधूनच दिली नाही. १५ वर्षांवरील लोकांत वाचता येणारे सुमारे २७ टक्के, बायकांत १६ टक्के. २००६ च्या पाहणीत दर लाख जन्मांमागे २,०५४ बाळंतिणी दगावत होत्या. देशाचा पहिला लांब पल्ल्याचा डांबरी महामार्ग, जुबा ते युगांडाच्या सीमेवरचं निमुले, १९२ किलोमीटरचा, २०१२ मध्ये अमेरिकेच्या पैशातून पूर्ण झाला.

दवाखाने बहुतेक परदेशी संस्था चालवत होत्या. १९८९ पासून ‘ऑपरेशन लाइफलाइन सुदान’ नावाची संयुक्त राष्ट्रांची मोठी मोहीम केनियातल्या लोकिचोगिओ गावातून विमानं पाठवत होती. म्हणजे २०११ मध्ये तरुण असलेल्या माणसाने आयुष्यभर डॉक्टर, लस आणि धान्य बाहेरून येतानाच पाहिलं होतं. सरकार नावाची गोष्ट आपल्याला काही देते, हा अनुभव त्याच्या गाठीशी नव्हता.

तेल आहे तर देश गरीब का?

सरकारी उत्पन्नाचा जवळजवळ सगळा भाग, स्वातंत्र्याच्या वेळी ९८ टक्के, तेलातून येत होता. पण विहिरी दक्षिणेत आणि ते बंदरापर्यंत नेणारी पाइपलाइन उत्तरेत, सुदानच्या ताब्यात. वाहतुकीच्या भाड्यावरून वाद झाला आणि जानेवारी २०१२ मध्ये दक्षिण सुदानने स्वतःच उत्पादन थांबवलं. ते सुरू व्हायला एप्रिल २०१३ उजाडला. सहा महिन्यांच्या देशाने आपली एकुलती मिळकत सव्वा वर्ष बंद ठेवली. पुढे सुदानमध्येच युद्ध सुरू झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये पाइपलाइन फुटली आणि तेलाची एक मोठी वाट पुन्हा बंद पडली. सरकारी नोकरांचे पगार महिनोन् महिने थकले. (या तेलात भारताच्या ओएनजीसी विदेशचाही वाटा आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नसते.)

आणि चोरी झाली, हेही स्वच्छ सांगायला हवं. मे २०१२ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष कीर यांनी ७५ आजी-माजी अधिकाऱ्यांना पत्र लिहून सुमारे ४ अब्ज डॉलर परत करायला सांगितले होते. जे उरलं त्यातला मोठा हिस्सा सैन्यावर गेला. शाळा-दवाखान्यांचा खर्च परदेशी देणगीदारांवर सोडून सरकारने तेलाचा पैसा बंदुकांना वापरला, हा आरोप मला पूर्णपणे पटतो. त्याची शिक्षा मात्र पगार न मिळालेली नर्स भोगते.

जमीन सुपीक, नदी बारमाही, मग लोक उपाशी कसे राहतात?

पेरायला शांतता लागते. दक्षिण सुदानचं मुख्य अन्न ज्वारी आहे. ती दळून, आंबवून, पातळ पसरून केलेली किसरा नावाची पोळी तिथे घरोघरी होते. आंबोळी खाणाऱ्याला ती परकी वाटायची नाही. एप्रिल-मेच्या सुमारास पाऊस सुरू होतो, तेव्हा पेरणी. त्याच वेळी गावावर हल्ला झाला तर माणसं दलदलीत पळून जातात, बियाणं खाल्लं जातं, अवजारं राहतात तिथेच. एक पेरणी चुकली की पुढचं सगळं वर्ष गेलं.

गुरांचंही तसंच. डिंका आणि नुएर लोकांत गाय म्हणजे दूध, लग्नातलं देणं, दंड भरण्याचं चलन आणि अडीअडचणीची ठेव. युद्धात गुरं लुटली जातात, तेव्हा घराची बँकच लुटली जाते. मग बायका पाणकमळाचे कंद आणि बिया गोळा करतात, लालोब झाडाची पानं-फळं शिजवतात. लालोब म्हणजे आपल्या माळरानावरच्या हिंगणबेटाचा भाऊबंद. ज्यांनी हिंगणबेटाचं फळ चाखलं आहे त्यांना कळेल की ते पोटभर खायची वेळ येणं म्हणजे काय.

दुष्काळ ‘जाहीर’ होतो म्हणजे नेमकं काय होतं?

भूक मोजण्याची एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, पाच पायऱ्यांची. शेवटच्या पायरीला तीन गोष्टी एकत्र लागतात: पाचांतल्या किमान एका घरात अन्नाचा जवळजवळ पूर्ण अभाव, ३० टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांत रोज दोन किंवा जास्त मृत्यू. तिन्ही निकष भरेपर्यंत माणसं मरत असतात. २० फेब्रुवारी २०१७ रोजी युनिटी राज्यातल्या लीर आणि मायेंदित या दोन काउंटींमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या तालुक्यासारखा विभाग) दुष्काळ जाहीर झाला. सुमारे एक लाख लोक त्याच्या तावडीत होते आणि देशभरात ४९ लाख लोकांना पुरेसं अन्न नव्हतं. जाहीर झाल्यावर मदतीचा लोंढा आला, लढणाऱ्यांवर दबाव आला आणि जूनपर्यंत त्या दोन काउंटींतली दुष्काळाची अवस्था संपली. मदतीला वाट मिळाली तर ती काम करते, याचा हा धडधडीत पुरावा.

आपल्या १९७२ च्या दुष्काळाशी तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. घरातली मोठी माणसं अजून लाल मिलोच्या भाकरीबद्दल आणि सुकडीबद्दल बोलतात. मिलो अमेरिकेतून आलेली ज्वारी होती. जुबाच्या गोदामांत वर्षानुवर्षं उतरत आलेलं धान्यही बरंचसं तेच. म्हणजे धान्य सारखं, मग फरक कुठे पडला? १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात सुमारे ५० लाख लोक सरकारी दुष्काळी कामांवर होते. खडी फोडत होते, पाझर तलाव खणत होते, आठवड्याला मजुरी घेत होते. मस्टर होतं, मुकादम होता, रेशन दुकान होतं, मोर्चा काढायला रस्ता होता आणि मतं मागायला येणारा आमदार होता. हाल अतोनात झाले, पण माणसं हजारोंनी रस्त्यावर मेली नाहीत. लीरमध्ये यांतलं काहीही नव्हतं, आणि गोदाम जाळणारे मात्र होते.

धान्य पोहोचवण्यात एवढं अवघड काय आहे? ट्रक भरायचे आणि पाठवायचे.

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सर्वांत लांब आहे.

आधी जमीन. दक्षिण सुदानच्या मोठ्या भागात काळी, चिकणी माती आहे, इंग्रजीत तिला कापसाची काळी माती म्हणतात, म्हणजे आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या मातीचीच जात. पावसाळ्यात काळ्या रानातून बैलगाडी काढलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागणार नाही. चाकाला माती चिकटते, चाक फिरेनासं होतं, गाडी रुतते. आता त्या मातीवर खडी-मुरूम न टाकलेला शेकडो किलोमीटरचा रस्ता आणि त्यावर वीस-तीस टनांचे ट्रक आणा. एक रुतला की मागचे सगळे अडकतात. वर्षातले सहा-सात महिने देशाचा निम्म्याहून जास्त भाग रस्त्याने तुटलेला असतो.

मधोमध सुड्डची दलदल आहे, जगातल्या सर्वांत मोठ्या दलदलींपैकी एक. अरबीत ‘सद्द’ म्हणजे अडथळा, नावच तिथून आलं. श्वेत नाईल इथे येऊन पसरते आणि तरंगत्या गवतात हरवते. नदीतून मालवाहू बार्ज जातात, स्वस्त पडतात, पण संथ असतात आणि काठावरून गोळी झाडणाऱ्याला आयतं लक्ष्य मिळतं.

म्हणून विमान. मोठ्या इल्युशिन विमानात एका वेळी साधारण ३० टन धान्य मावतं. ज्वारी एकात एक घातलेल्या बऱ्याच पोत्यांत भरतात, म्हणजे बाहेरचं फाटलं तरी आतलं टिकतं. आधी काही माणसं हेलिकॉप्टरने गावात जातात, मोकळं मैदान आखतात, लोकांना लांब ठेवतात. विमान जमिनीपासून दोन-तीनशे मीटरवर येतं, मागचं दार उघडतं, पोत्यांचा पाऊस पडतो. मग पोती गोळा करायची, मोजायची, यादीप्रमाणे वाटायची. या वाटपासाठी आजूबाजूच्या गावांतून बायका दोन-दोन दिवस चालत येतात, उघड्यावर झोपतात आणि डोक्यावर शिधा घेऊन परत निघतात. असा एक किलो रस्त्याने नेलेल्या किलोच्या सात पटींपर्यंत महाग पडतो. त्याच पैशात सात घरं जेवली असती, तिथे एक जेवतं. तरीही जिथे दुसरा मार्गच नाही तिथे हाच मार्ग योग्य आहे.

मग माणसांनी घातलेले अडथळे येतात. जुबाहून उत्तरेला निघालेल्या ट्रकला वाटेत नाक्यांमागून नाके लागतात. कुठे सैन्य, कुठे पोलीस, कुठे विरोधी गट, कुठे दोरी बांधून बसलेली पोरं. प्रत्येकाला काहीतरी हवं: पैसे, डिझेल, दोन पोती. पगार न मिळालेला शिपाई नाक्यावर बसला की नाका हाच त्याचा पगार. सरकारी परवानग्यांचं जंगल वेगळंच. एका कार्यालयाने शिक्का मारला तरी पुढचा अधिकारी तो मानत नाही. मार्च २०१७ मध्ये, लीरचा दुष्काळ चालू असतानाच, सरकारने परदेशी मदतकर्मींच्या कामाच्या परवान्याची फी १०,००० डॉलर करण्याची घोषणा केली. दबावानंतर ती मागे पडली. पण उपाशी माणसांच्या नावाने अशी फी लावावीशी वाटणं, याला मी क्रूरपणाच म्हणेन.

मदत लुटली जाते हे खरं आहे का? मग देऊन उपयोग काय?

खरं आहे. जुलै २०१६ मध्ये जुबातलं संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाचं मुख्य गोदाम लुटलं गेलं. ४,५०० टनांहून जास्त धान्य गेलं, म्हणजे सुमारे २ लाख २० हजार लोकांचं महिन्याचं जेवण. लीरमधलं ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेचं रुग्णालय २०१४ च्या सुरुवातीला जाळलं गेलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा लुटलं गेलं.

लुटीपेक्षाही एक खोल अडचण आहे. शिधा कुठे वाटायचा, हे ठरवणं म्हणजे लोक कुठे गोळा होणार हे ठरवणं, आणि लढणाऱ्यांना तेच हवं असतं. आपल्या ताब्यातल्या गावात वाटप झालं तर लोक आपल्याकडे येतात. शत्रूच्या भागात विमान उतरू दिलं नाही तर तो भाग रिकामा होतो. म्हणून परवानगी देणं आणि नाकारणं हेही युद्धातलं एक हत्यार आहे. जून २०२५ मध्ये अप्पर नाईलमधल्या नासिरच्या परिसरात, जिथे सरकारनेच आधी बॉम्ब टाकले होते, सरकारनेच पैसे देऊन एका खासगी अमेरिकन कंपनीकडून विमानातून धान्य टाकून घेतलं, तेव्हा मदतकार्यातले जुने जाणते अस्वस्थ झाले ते याचमुळे. बॉम्ब टाकणाऱ्याच्याच पैशाने पोतं पडत असेल तर ते पोतं उचलायला जाणाऱ्या बाईने काय समजायचं?

तरी ‘मग देऊ नका’ हे उत्तर मला मान्य नाही. मदत थांबली म्हणून बंदूकवाला उपाशी राहत नाही. तो शेवटचं पोतं हिसकावून घेतो. उपाशी राहतं ते मूल.

मदत करणाऱ्यांवरच हल्ले का होतात?

हल्ले अनेक कारणांनी होतात: लूट, सूड, वांशिक राग, साक्षीदार नको म्हणून. डिसेंबर २०१३ नंतरच्या पाच वर्षांतच शंभरहून जास्त मदतकर्मी मारले गेले. २५ मार्च २०१७ रोजी जुबाहून पिबोरला जाणाऱ्या सहा जणांना वाटेत गाठून मारलं. जुलै २०१६ मध्ये जुबातल्या टेरेन हॉटेलवर सैनिकांनी हल्ला केला, मदतकर्मी स्त्रियांवर बलात्कार केले, एका स्थानिक पत्रकाराला ठार मारलं. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा तळ जवळच होता, मदतीसाठी फोन गेले, कुणी आलं नाही. पुढे २०१८ मध्ये लष्करी न्यायालयाने दहा सैनिकांना दोषी ठरवलं.

मारल्या गेलेल्यांत बहुतेक दक्षिण सुदानीच आहेत, ही गोष्ट बातम्यांत हरवते. परदेशी माणसाला संकटात विमानाने बाहेर काढतात. स्थानिक नर्स, ड्रायव्हर, गोदामपाल तिथेच राहतो. त्यातून त्याला जातही नडते. डिंका ड्रायव्हरने नुएर भागात ट्रक न्यायचा कसा? नुएर परिचारिकेने सरकारी नाका ओलांडायचा कसा? संस्थेकडे माणूस असतो, कौशल्य असतं, पण कपाळावरच्या खुणांवरून त्याची टोळी ओळखली जाते आणि तो पुढे जाऊ शकत नाही.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना काय करते? भारताचा काही संबंध?

संबंध जवळचा आहे. ‘अनमिस’ नावाची ही शांतिसेना जुलै २०११ पासून तिथे आहे आणि भारताचे दोन हजारांहून जास्त जवान त्यात राहिले आहेत. ९ एप्रिल २०१३ रोजी जोंगलेईत ताफ्याला संरक्षण देताना पाच भारतीय जवान मारले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला अकोबोच्या तळावर हजारोंच्या जमावाने हल्ला केला, कारण आत जीव वाचवायला आलेले डिंका लोक होते. तिथे दोन भारतीय जवान गेले. २०१९ मध्ये या शांतिसेनेचं नेतृत्व लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर यांच्याकडे आलं, नाव ऐकून मराठी माणसाचे कान टवकारतातच. भारतीय तुकड्यांच्या पशुवैद्यकांनी मलाकाल आणि बोर भागांत गुरांवर उपचार केले. गाय हीच ठेव असलेल्या समाजात याचं मोल मोठं आहे.

डिसेंबर २०१३ मध्ये पळून येणाऱ्यांसाठी शांतिसेनेने तळांची दारं उघडली, ही तिची सर्वांत मोठी कामगिरी. पुढे या छावण्यांत दोन लाखांहून जास्त माणसं राहिली. एकट्या बेंतिउमध्ये लाखावर. पण एप्रिल २०१४ मध्ये बोरच्या आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये मलाकालच्या छावणीत हल्लेखोर आत शिरले आणि कित्येक निर्वासित मारले गेले. दार उघडणाऱ्यावर ते राखण्याचीही जबाबदारी येते, आणि तिथे शांतिसेना एकाहून जास्त वेळा कमी पडली.

जुलै २०१६ मध्ये तिथल्या भारतीयांचं काय झालं?

हवाई दलाच्या सी-१७ विमानांनी त्यांना जुबाहून परत आणलं. त्या मोहिमेचं नाव ‘संकट मोचन’.

पुराबद्दल इतकं का बोललं जातं?

२०१९ पासून ओळीने चार वर्षं असा पूर आला की एका वर्षाचं पाणी ओसरायच्या आत पुढच्या वर्षीचं आलं. बेंतिउ शहर आणि तिथली छावणी मातीच्या बांधांच्या आत, चहूबाजूंनी पाणी, अशी राहिली. बांध फुटला की सगळं संपलं, म्हणून लोक फावडी घेऊन आणि पंप लावून ते राखत राहिले. चराऊ रानं बुडाली, गुरं लाखोंनी मेली, गुरं राखणारी घरं मासेमारीवर आली. म्हणून तिथे मदत म्हणून गळ, दोरा आणि जाळं वाटतात, ही गोष्ट वाचून हसू नका: पाण्याने वेढलेल्या घराला एक जाळं महिनाभराच्या शिध्याहून जास्त दिवस पुरतं.

कोणते आजार सर्वांत जास्त बळी घेतात?

हिवताप, हगवण, न्यूमोनिया, गोवर. कुपोषित मुलाला यांतलं काहीही पुरतं. एक आजार मात्र आपल्या ओळखीचा आहे: काळा आजार. नाव भारताने दिलेलं, रोग दक्षिण सुदानात जोंगलेई-अप्पर नाईलमध्ये ठाण मांडून बसलेला. वाळूमाशी चावते, ताप येतो, प्लीहा वाढते आणि उपचार न मिळाल्यास माणूस बहुधा वाचत नाही. औषध आहे, पण इंजेक्शनं अनेक दिवस रोज घ्यावी लागतात. लढाईमुळे रुग्ण मध्येच पळून गेला तर उपचार वाया. कॉलऱ्याची मोठी साथ ऑक्टोबर २०२४ मध्ये सीमेवरच्या रेंकमध्ये जाहीर झाली आणि देशभर पसरली. मे २०२५ मध्ये ओल्ड फंगाकमधल्या ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या रुग्णालयावर बॉम्ब पडले.

शेजारच्या सुदानच्या युद्धाचा काय परिणाम झाला?

१५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये युद्ध पेटलं आणि तेव्हापासून दहा लाखांहून जास्त माणसं दक्षिण सुदानात आली. त्यांतले बरेच जण मूळचे दक्षिणेचेच. पूर्वीच्या युद्धात उत्तरेला पळालेले, आता उलट्या दिशेने पळणारे. सुमारे २३ लाख दक्षिण सुदानी आधीच बाहेरच्या देशांत आश्रयाला आहेत, एकट्या युगांडात दहा लाखांच्या आसपास. स्वतःच्या माणसांना जागा न देऊ शकलेल्या देशाच्या सीमेवर दुसऱ्या देशाची माणसं उभी आहेत. आणि रेंकच्या छावणीत स्थानिक लोक त्यांच्याबरोबर पाणी वाटून घेतात, हेही तितकंच खरं आहे.

२०२५ मध्ये अमेरिकेने मदत कमी केल्याने काय फरक पडला?

अमेरिका दक्षिण सुदानची सर्वांत मोठी देणगीदार होती. जानेवारी २०२५ मध्ये पैसा गोठला, जुलैमध्ये परदेशांना मदत देणारी ‘यूएसएड’ ही अमेरिकी सरकारी संस्थाच बंद झाली. अकोबो काउंटीत ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेच्या मदतीने चालणाऱ्या २७ आरोग्य केंद्रांपैकी ७ बंद पडली आणि बाकीची अर्धवट चालू राहिली. तिथे कॉलरा झालेली पाच मुलं आणि तीन मोठी माणसं उन्हात तीन तास चालत दवाखान्याकडे निघाली होती. आठही जण वाटेतच गेली. त्याच वर्षी एप्रिल ते जुलै या काळासाठी भुकेचा अंदाज होता ७७ लाख लोकांचा, म्हणजे देशातल्या निम्म्याहून जास्त.

इतकी वर्षं मदत देऊन लोक आळशी झाले नाहीत का?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा राग येत नाही, पण उत्तर स्पष्ट आहे: नाही. मिळणारा शिधा बहुतेक वेळा पूर्ण गरजेच्या निम्मा किंवा त्याहून कमी असतो. उरलेलं घर मासे, पाणकमळ, थोडी ज्वारी, नातेवाइकांनी दिलेली गाय यांवर चालतं. सर्वांत मोठी मदत शेजारी शेजाऱ्याला करतो, आणि ती कुठल्याच अहवालात मोजली जात नाही.

परावलंबी झालं असेल तर ते सरकार. आरोग्य, शाळा, लसीकरण सगळं बाहेरच्यांवर टाकायची त्याला सवय लागली. मदतसंस्थांचाही यात दोष आहे. त्यांनी मोठे पगार देऊन सरकारी दवाखान्यांतली शिकलेली माणसं आपल्याकडे ओढली, स्थानिक संस्थांना पैसा देताना हात आखडला आणि धोक्याच्या जागी मात्र त्यांनाच पुढे पाठवलं. तीन महिन्यांच्या करारांवर दवाखाना चालवता येतो, नर्स घडवता येत नाही.

मी महाराष्ट्रात बसून काय करू शकतो? आणि पैसे द्यायचे तर कधी?

कपडे, बिस्किटं, औषधं गोळा करून पाठवू नका. त्यांचं भाडंच वस्तूपेक्षा जास्त होतं. पैसे द्या, आणि दक्षिण सुदानात आधीपासून काम करत असलेल्या, हिशेब जाहीर करणाऱ्या संस्थेला द्या. शक्यतो तिच्या भारतातल्या नोंदणीकृत शाखेकडे द्या. परदेशी संस्थेला थेट पाठवलेल्या देणगीवर आयकरातली सवलत सहसा मिळत नाही. तुम्ही डॉक्टर, परिचारिका, पाण्याच्या योजनांचे अभियंता किंवा गोदाम-वाहतूक सांभाळणारे असाल तर आंतरराष्ट्रीय संस्था भारतातून माणसं घेतात, अनुभव मागतात आणि धोक्याबद्दल आधी स्पष्ट सांगतात.

राहिला वेळेचा प्रश्न. बातमी बहुधा जून-जुलैत येते, कारण तेव्हा मागचं धान्य संपलेलं असतं आणि नवं पीक उभं असतं. आपण तेव्हा पैसे देतो. पण तोवर काळी माती भिजलेली असते, रस्ते बंद झालेले असतात आणि त्या पैशाची ज्वारी विमानातूनच टाकावी लागते. तोच पैसा डिसेंबर ते मार्चमध्ये, रस्ते कोरडे असताना मिळाला तर ट्रकने जातो, पावसाआधी गावाजवळच्या गोदामात पोहोचतो आणि कितीतरी पट घरांना पुरतो. तेव्हा बातमीची वाट पाहू नका. दिवाळीनंतर द्या.